पॅम्प्लिन ऐतिहासिक उद्यान

पॅम्प्लिन ऐतिहासिक उद्यान : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनिया राज्यातील रणभूमी-उद्यान व सैनिक-संग्रहालय. ते डिनविडी परगण्यात, पीटर्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस असून त्याचा विस्तार सुमारे 424 एकर आहे. अमेरिकन यादवी युद्धात (1861–65) पीटर्सबर्गचा दीर्घ वेढा 2 एप्रिल 1865 रोजी ज्या ठिकाणी फुटला, ते ठिकाण या उद्यानात येते. येथील ‘नॅशनल म्युझियम ऑफ द सिव्हिल वॉर सोल्जर’ हे संग्रहालय दोन्ही बाजूंच्या सामान्य शिपायांच्या जीवनाला वाहिलेले आहे.

रिचमंड ही दक्षिणेकडील बंडखोर राज्यांची राजधानी. तिच्याकडे दक्षिणेतून येणारे लोहमार्ग पीटर्सबर्गला एकत्र येत. म्हणून उत्तरेच्या जनरल युलिसिस ग्रँटने जून 1864 मध्ये या शहराभोवती फास आवळायला घेतला. साडेनऊ महिने दोन्ही सैन्ये खंदकांत समोरासमोर बसून राहिली. दक्षिणेचा जनरल रॉबर्ट ली याची फळी ताणली जाऊन विरळ झाली होती. 1 एप्रिलला फाइव्ह फोर्क्स येथे त्याच्या सैन्याचा पराभव होताच ग्रँटने सर्वत्र हल्ल्याचा हुकूम दिला. होरेशिओ राइट याच्या सहाव्या कोरचे सुमारे 14,000 सैनिक रात्रभर शत्रूच्या पहाऱ्यांसमोर थंड जमिनीवर निःशब्द पडून होते. बंदुका ठासलेल्या, पण चुकून बार उडू नये म्हणून त्यांवर बार पेटवणाऱ्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या. पहाटे 4 वाजून 40 मिनिटांनी इशारतीची तोफ झाली. कुऱ्हाडवाले पुढे धावले, त्यांनी टोकदार फांद्यांचे अडथळे तोडले आणि व्हर्मॉन्ट ब्रिगेड तटावर चढली. तटावर पहिले पाऊल ठेवण्याचा मान पाचव्या व्हर्मॉन्ट पलटणीचा कॅप्टन चार्ल्स गूल्ड याला देतात. संगिनी व तलवारीचे वार झेलूनही तो वाचला आणि पुढे मेडल ऑफ ऑनरचा मानकरी ठरला. अर्ध्या तासात फळी फुटली. तेवढ्यात हल्लेखोरांचे सुमारे 1,100 जण ठार वा जखमी झाले. त्याच सकाळी जवळच दक्षिणेचा सेनापती ए. पी. हिल गोळी लागून मेला. त्या रात्री पीटर्सबर्ग व रिचमंड सोडून ली निघाला आणि 9 एप्रिलला अ‍ॅपोमॅटॉक्स येथे त्याने शरणागती पत्करली.

हा तट अजून उभा आहे, आणि येथवर येण्याचे पहिले कारण तेच. नांगराखाली न गेलेल्या रानात मातीचे बांध, पुढचा खंदक व तोफांचे चौथरे सहज ओळखू येतात. मूळ अवशेषांवर चढण्यास मनाई आहे. झीज होण्यापूर्वी तट कसा दिसत असेल हे कळावे म्हणून त्याचा एक तुकडा लाकडी आधार व अडथळ्यांसह पूर्ण उंचीने पुन्हा बांधला आहे. हल्ल्याची वाट ‘ब्रेकथ्रू ट्रेल’ या पायवाटेने चालता येते. मोकळ्या उतारावरून तटाकडे पाहिले की त्या पहाटे इथे किती धैर्य लागले असेल याचा अंदाज येतो. नकाशावरून तो येत नाही.

संग्रहालय 1999 मध्ये खुले झाले. ‘ड्यूटी कॉल्ड मी हिअर’ हे त्याचे मुख्य दालन. प्रवेश करताना पाहुण्याला एक श्राव्ययंत्र मिळते आणि तो एका खऱ्या सैनिकाची सोबती म्हणून निवड करतो. त्या सैनिकाच्या रोजनिशीतले व पत्रांतले बोल प्रत्येक टप्प्यावर कानी पडतात आणि त्याचे पुढे काय झाले ते अखेरीसच कळते. या योजनेमुळे काचेमागच्या वस्तूंना मालक मिळतो. भरती, कवायत, छावणीतील कंटाळा, घरची पत्रे, प्रार्थना, इस्पितळ असा हा प्रवास आहे. दगडासारखे कडक बिस्किट कॉफीत बुडवून खाणारा उत्तरेचा गोरा शिपाई युद्धाच्या बहुतेक काळात महिना 13 डॉलरवर लढला. कृष्णवर्णीय शिपायाच्या हाती 1864 च्या मध्यापर्यंत 7 डॉलरच पडत. युद्धात मेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सैनिक गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर यांसारख्या रोगांनी गेले. रणांगणाचा आभास देणाऱ्या ‘ट्रायल बाय फायर’ या दालनात जमीन हादरते आणि गोळ्या कानाजवळून गेल्यासारख्या वाटतात. मुलांना ते आवडते. पण त्या सोबत्याचा आवाज त्याहून खोल जातो.

आवारातील ट्यूडर हॉल हे घर बॉइसो कुटुंबाने 1812 च्या सुमारास बांधले. 1864–65 च्या हिवाळ्यात दक्षिण कॅरोलिनाचा ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल मॅकगॉवन याचे ठाणे तेथे होते. घराजवळ पुन्हा उभारलेल्या ‘फील्ड क्वार्टर’मध्ये तंबाखूच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या जीवनाची मांडणी आहे. घाईतले पाहुणे ती टाळून पुढे जातात, आणि हे योग्य नाही. ज्या गुलामगिरीपायी हे युद्ध पेटले ती शिपायांच्या शौर्यकथांत सहज झाकली जाते. इथे तिची खोपटी मालकाच्या घरासमोर आणि तटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कोणत्याही रणभूमीवर ‘कसे लढले’ याच्या बरोबरीने ‘कशासाठी लढले’ हेही दाखवले पाहिजे. त्या कसोटीला हे उद्यान उतरते.

उद्यानाची स्थापना उद्योगपती रॉबर्ट पॅम्प्लिन व त्यांचे त्याच नावाचे पुत्र यांनी केली. ते बॉइसो कुटुंबाचे वंशज. पूर्वजांची ही जमीन त्यांच्या प्रतिष्ठानाने विकत घेतली आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. ते खासगी आहे. पीटर्सबर्गच्या वेढ्यातील इतर स्थळे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ‘पीटर्सबर्ग नॅशनल बॅटलफील्ड’मध्ये येतात. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा-खाणकामगारांनी दीडशे मीटरहून लांब भुयार खणून 30 जुलै 1864 रोजी सुरुंग उडवला, त्याचा खड्डाही तिथेच पाहायला मिळतो.

दोन्ही स्थळे एका दिवसात उरकू नयेत. पॅम्प्लिनसाठीच पूर्ण दिवस लागतो. आधी संग्रहालय पाहावे, मग पायवाट चालावी. उघडण्याचे वार व वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.