स्थिर म्हणजे किती स्थिर? ओव्हरक्लॉकिंगची गोष्ट

संगणकाच्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांच्या आणि कंपन्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. आजची गोष्ट घरातल्या डेस्कटॉपची आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जोरात पळवायचा, आणि मग तो कोसळतो का, तापतो का, हे शोधत बसायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पोरखेळ म्हणून बरेच जण हे हसण्यावारी नेतात. पण या पोरखेळाने एकदा इंटेलसारख्या कंपनीला बाजारातून माल परत घ्यायला लावला आहे, तेव्हा जरा नीट बघू.

२४ ऑगस्ट १९९८. या एकाच दिवशी इंटेलने दोन प्रकारचा माल बाजारात आणला. एक ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. आणि थोड्याच दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की हा १४९ डॉलरचा गडी ४५० मेगाहर्ट्झवर आरामात चालतो.

हे जमलं कसं? प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. मदरबोर्डवरच्या बसचा ठोका आणि प्रोसेसरच्या आतला गुणक. सेलेरॉन ३००ए मध्ये ६६ गुणिले साडेचार, म्हणजे ३००. यातला गुणक इंटेलने आतून कुलूपबंद केला होता. त्यालाही कारण होतं. त्या काळी काही लबाड व्यापारी चिपवरचा आकडा घासून काढायचे, वरचा आकडा छापायचे आणि स्वस्त माल महाग म्हणून विकायचे. गुणक बंद झाला तरी बसचा ठोका मोकळा राहिला. तो ६६ वरून १०० केला की साडेचारपट ४५०. अबिट कंपनीच्या बीएच-६ सारख्या मदरबोर्डवर हे बायोसच्या मेन्यूतूनच करता यायचं. ज्यांच्याकडे तसा बोर्ड नव्हता, त्यांनी प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी-२१ या एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. बोर्डाला वाटायचं, हा १०० चा प्रोसेसर आहे. काम फत्ते!

खरी मेख कॅशमध्ये होती. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांवर बसवलेली आणि अर्ध्या वेगाने चालणारी. वेग वाढवायला गेलं की आधी त्या चिपा हात टेकायच्या. सेलेरॉन ३००ए ची कॅश फक्त १२८ केबी, पण ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगाची. शिवाय दोन्ही प्रोसेसर ०.२५ मायक्रॉनच्याच तंत्राने बनलेले. स्वस्त म्हणून विकलेल्या सिलिकॉनची अंगभूत ताकद महागड्या भावंडाएवढीच होती.

आता गंमत बघा. घाबरत घाबरत थोडासाच वेग वाढवणाऱ्यांना जास्त त्रास झाला. त्यांनी बस ६६ वरून ८३ केली, म्हणजे प्रोसेसर सुमारे ३७५ वर. हा मध्यममार्ग सुरक्षित वाटतो. पण मदरबोर्डवर पीसीआय नावाची दुसरी वाट असते, तिचा ठोका ३३ मेगाहर्ट्झचा हवा, आणि तो बसच्या ठोक्याला भागून मिळतो. ६६ ला दोनने भागलं तर ३३. १०० ला बोर्ड तीनने भागतो, तरी ३३. पण ८३ ला दोननेच भागलं जायचं, आणि पीसीआय जायची साडेएक्केचाळीसवर. हार्ड डिस्कचा नियंत्रक त्याच वाटेवर. परिणाम असा की प्रोसेसर ठणठणीत आणि डिस्कवरच्या फायली खराब. लोक बिचारे प्रोसेसरवर मोठा पंखा बसवत राहायचे. रोग एकीकडे, औषध भलतीकडे.

निदान हाच या कलेचा गाभा आहे. वेग वाढवल्यावर यंत्र कोसळतं, ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, ठोक्यांमधला वेळ कमी झाल्यामुळे विजेचा संकेत पुढच्या टप्प्यावर वेळेत पोचत नाही. यावर उपाय म्हणजे व्होल्टेज थोडं वाढवणं, म्हणजे ट्रान्झिस्टर चपळ होतात. दोन, उष्णता. चिप तापली की त्या काळच्या व्होल्टेजवर तेच ट्रान्झिस्टर सुस्त होतात आणि संकेत पुन्हा उशिरा पोचतो. म्हणजे पहिल्या दुखण्याचं औषध दुसरं दुखणं वाढवतं. किती वाढवतं? उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉन ३००ए मूळचा सुमारे १९ वॅटचा. वेग दीडपट केला की साडेअठ्ठावीस. त्यात व्होल्टेज २.० वरून २.२ केलं, की आणखी २१ टक्के, म्हणजे साडेचौतीसच्या आसपास. व्होल्टेजमधला तो ०.२ दिसतो किरकोळ, पण बिल मोठं येतं.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? चालू केल्याकेल्या किंवा विंडोज उघडताना कोसळलं, तर बहुधा संकेताची वेळ चुकते आहे, व्होल्टेज कमी आहे. वीस मिनिटं नीट चाललं आणि मग कोसळलं, तर उष्णतेवर संशय घ्यायचा. कॅबिनेटचं एक बाजूचं पान काढायचं, टेबलफॅन लावायचा. वीस मिनिटांची चाळीस झाली, की चोर सापडला. आणि हीटसिंक कितीही भारी असो, हवेवर चालणारा असेल तर खोलीच्या तापमानाखाली तो चिपला नेऊ शकत नाही. समजा हीटसिंक दर वॅटमागे एक अंश चढू देतो आणि चिप ३४ वॅटची आहे. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप ५६ वर राहील. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ वर असेल, तर तीच चिप ७६ वर. थंड देशातल्या माणसाचे आकडे वाचून इंदूरच्या किंवा हैदराबादच्या घरात सेटिंग उतरवायचं नसतं, ते यासाठी.

पण चाललं म्हणजे स्थिर झालं, हे कशावरून? इथे मदतीला आलं गणित. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन प्रकारच्या अतिप्रचंड मूळ संख्या शोधण्याचा, जगभरच्या घरगुती संगणकांनी मिळून करायचा प्रकल्प सुरू केला. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे प्राइम९५. या हिशेबात मधे एक जरी बिट चुकलं, तर कित्येक आठवड्यांचं काम वाया. म्हणून प्रोग्रॅम सतत स्वतःलाच तपासतो. आकडेमोडीचं उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. ते ०.४ पेक्षा जास्त भरकटलं, की यंत्रात दोष आहे असं सांगून तो थांबतो. वोल्टमन यांनी त्यात छळ-चाचणीही ठेवली. उत्तरं आधीच माहीत असलेले हिशेब तासन्‌तास करायला लावायचे आणि ताडून बघायचे. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ती उचलली. तोवर यंत्र बंद पडलं नाही म्हणजे ठीक, अशी समजूत होती. प्राइम९५ ने दाखवून दिलं की यंत्र मजेत चालू असतं आणि उत्तर चुकीचं देत असतं. पडदा निळा होणं परवडलं, निदान कळतं तरी. हिशेबाच्या पत्रकातला बदललेला आकडा कुणाला कळणार?

आता येऊ २००० सालाकडे. एएमडी आणि इंटेल यांची गिगाहर्ट्झची शर्यत जोरात होती. ६ मार्चला एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला, दोनच दिवसांनी इंटेलने पेंटियम थ्री. मग पुढे जायच्या घाईत इंटेलने ३१ जुलैला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणला. टॉम्स हार्डवेअरच्या थॉमस पाब्स्ट यांना आलेला नमुना काही चाचण्या पूर्णच करेना. त्यातली एक साधी होती, लिनक्सचा गाभा कंपाइल करणं. कंपायलर मेमरी आणि प्रोसेसर या दोघांनाही पिळून काढतो, आणि एकही चूक त्याला खपत नाही. हार्डओसीपीच्या काइल बेनेट यांनाही असाच अनुभव आला. इंटेलने आधी मानलं नाही, मग प्रयोगशाळेत तपासलं, आणि २८ ऑगस्टला तो प्रोसेसर परत मागवला.

माझ्या मते हा ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. कारण इथे मर्यादेपलीकडे चिप पळवली ती कुणा हौशी मुलाने नाही, कारखान्यानेच. आणि ती पकडली हौशी लोकांच्याच सवयीने. चिपवर छापलेला आकडा म्हणजे कंपनीने दिलेला शब्द असतो. या व्होल्टेजला, या तापमानापर्यंत, कुठलाही प्रोग्रॅम लावा, उत्तर बरोबर येईल. घरी वेग वाढवणारा हा शब्द स्वतःहून सोडून देतो, नुकसान त्याचं. छापील आकड्याचे पैसे मोजणाऱ्याने काहीही सोडलेलं नसतं.

त्याच पाब्स्ट यांच्या चमूने सप्टेंबर २००१ मध्ये एक व्हिडिओ केला. खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ उचलून काढायचा. पेंटियम फोर मंदावला पण चालत राहिला, पेंटियम थ्री थिजला पण वाचला, दोन्ही अॅथलॉन जळून गेले. चिपने स्वतःचं तापमान मोजून आपणच वेग उतरवायचा, ही सोय आज प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते.

पुढे वेगाची शर्यतच उष्णतेने संपवली. ट्रान्झिस्टर लहान करत जा, व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवा, उष्णता आवाक्यात राहील, असं रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. पुढची तीसेक वर्षं ते चाललं. मग विजेची गळती वाढली, व्होल्टेज उतरेना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि सगळे एकाच चिपवर जास्त कोअर बसवायच्या मागे लागले.

आज प्रोसेसर स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतो. तापमान आणि वीज बघून क्षणाक्षणाला वेग व व्होल्टेज बदलतो, आणि त्याला आपण टर्बो किंवा बूस्ट म्हणतो. तरी दुखणं जुनंच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. काही खेळ सुरू होताना ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा संदेश यायचा. लोक कार्डावर संशय घेत राहिले. दोष होता प्रोसेसरमध्ये. जास्तीच्या व्होल्टेजने आणि तापमानाने त्याच्या आतली ठोका पोचवणारी मंडलं झिजत होती, आणि फायली उलगडताना चुका होत होत्या. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड दुरुस्त करून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखतो. जे मंडल आधीच झिजलं आहे ते त्याने पूर्ववत होत नाही, तो प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.