'पवार' आणि 'पुआर' : धार-देवासच्या नावांची रोमन लिपी

धार आणि देवास ही माळव्यातील मराठी संस्थाने पवार घराण्याची होती. इंग्रजी ग्रंथांत मात्र या घराण्याचे नाव पी-यू-ए-आर या चार अक्षरांनी रूढ झाले. आज ती अक्षरे 'पुआर' अशी वाचली जातात, आणि या उच्चाराचा उगम देशी नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन परस्परविरोधी पद्धतींत शोधावा लागतो.

सर जॉन माल्कम यांच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात (१८२३) पहिली पद्धत दिसते. इंग्रजी शब्दांत अक्षरांचा जो उच्चार रूढ आहे तोच गृहीत धरून नाव लिहावयाचे, म्हणजे वाचकास निराळी सूचना लागत नाही, असे तिचे तत्त्व होते. म्हणून 'आनंद'मधील दुसऱ्या अक्षरातील अकारासाठी यू, 'बाई'तील ईकारासाठी दोन ई आणि 'राव'साठी आर-ओ-डब्ल्यू अशी योजना होई. परंतु ही शेवटची तीन अक्षरे इंग्रजीत रांग या अर्थी 'रो' आणि भांडण या अर्थी 'राउ' अशी दोन्ही प्रकारे वाचली जात असल्याने वाचक संभ्रमात पडे.

दुसरी पद्धत सर विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये मांडली. तिच्यात रोमन अक्षराचे मूल्य इंग्रजी उच्चारावरून न ठरता देशी अक्षरावरून ठरे. विल्यम हंटर यांनी १८७१ च्या सुमारास ती सुटसुटीत केली व सरकारने स्वीकारली. त्यामुळे १९०८ च्या 'इंपीरियल गॅझेटिअर'मध्ये धार आणि देवास या नावांतील आकारावर दीर्घत्व दाखविणारी आडवी रेघ आली. रूढ झालेल्या नावांना मात्र सूट होती. धारच्या वाटेवरील महू छावणीचे नाव म्हणूनच एम-एच-ओ-डब्ल्यू असेच राहिले आणि इंग्रजीत 'म्हाउ' असे उच्चारले जाऊ लागले.

पवारांच्या नावाचेही असेच झाले. जुन्या रीतीप्रमाणे यू म्हणजे 'अ' मानल्यास त्या चार अक्षरांतून 'पवार'च्या जवळचा ध्वनी निघतो. नव्या रीतीप्रमाणे यू म्हणजे 'उ' मानल्यास 'पुआर' होतो. अक्षरे तीच राहिली, ती वाचण्याचा नियम बदलला, आणि मराठीत 'पवार' म्हणविणारे घराणे इंग्रजीत 'पुआर' ठरले.