प्रकाश-उत्प्रेरण आणि वस्त्ररंजकांचे सांडपाणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इ. स. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी मॉव्ह हा कृत्रिम रंजक तयार केला. तेव्हापासून रंगरसायनशास्त्राचा प्रयत्न उन्हात व धुण्यात न विटणारा रंग मिळविण्याचा राहिला. हाच टिकाऊपणा पुढे सांडपाण्यात अडचणीचा ठरला. अशा रंजकांचा नाश करणारा प्रकाश-उत्प्रेरक म्हणून आज टायटॅनियम डायऑक्साइडचा गौरव होतो. परंतु त्याचा हा गुण प्रथम दोष म्हणून नोंदला गेला, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

हा पदार्थ मुळात रंगलेपांतील पांढरे रंगद्रव्य. त्याच्या सान्निध्यात ॲनिलीन रंग प्रकाशात लवकर विटतात, असे कायडेल यांनी १९२९ मध्ये जर्मनीत नोंदविले. १९३८ मध्ये लंडन येथे गुडईव्ह व किचनर यांनी त्यामागील प्रक्रिया उलगडली. अतिनील किरण शोषले जाऊन कणांच्या पृष्ठभागावर क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो व तो रंजकाचे ऑक्सिडीकरण करतो. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणजे आजच्या शोधनिबंधांतील मूळ प्रयोग तेव्हाच झाला होता. रंगउद्योगाने मात्र कणांवर सिलिका व ॲल्युमिना यांचे लेपन करून हा उपद्रव आवरला!

१९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा यांनी याच पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन दाखविले आणि दृष्टिकोन पालटला. १९७७ मध्ये फ्रँक व बार्ड यांनी पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण केले. रंजकांकडे लक्ष वळण्यास यानंतर वेळ लागला नाही.

या संशोधनात मेथिलीन ब्ल्यूचा वापर अतोनात झाला. हा रंजक स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो. त्यामुळे उत्प्रेरकाचे श्रेय कोणते व रंजकाचे कोणते, हे ठरविणे कठीण जाते. शिवाय रंग नाहीसा होणे म्हणजे पाणी शुद्ध होणे नव्हे. ॲझो बंध तुटताच रंग जातो, परंतु रेणूचे ॲरोमॅटिक अवशेष पाण्यात राहू शकतात. सुती कापडासाठी १९५६ पासून बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंजक भरपूर मीठ व सोडा घालून वापरले जातात. त्या सांडपाण्यातील क्लोराइड व कार्बोनेट आयन हायड्रॉक्सिल मूलकांना गिळतात. ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

वनस्पतींच्या अर्कापासून तयार केलेल्या नॅनोकणांना 'पर्यावरणपूरक' म्हटले जाते. हे विशेषण त्यांच्या निर्मितीपुरतेच खरे मानावे लागते. काम झाल्यावर तेच कण पाण्यातून वेगळे काढावे लागतात.