शंकरपट: दाताचे गट, कायद्यातला शब्द आणि आपल्या जिल्ह्याचं राहिलेलं काम

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन निवांत वाचा, पण अर्ध्यात सोडू नका, कारण मुद्दा शेवटाकडं आहे.

परवा पुतण्यानं मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरचा. तो ट्रॅक १९९० पासून चालू आहे. तिथं साध्या, रस्त्यावर दिसणाऱ्या कंपनीच्याच गाड्या, पण आतून बदललेल्या. चालवणारे बरेचसे हौशी, आठवडाभर नोकरी-धंदा करून शनिवार-रविवारी पळवणारे. पुतण्या म्हणाला, "काका, एका दिवसात इतक्या वेगवेगळ्या शर्यती कशाला? सगळ्या गाड्या एकदाच सोडायच्या की!"

मी म्हणलं, "बाबा, आपल्या पटात काय करतात रे? आदत खोंड आणि जुळलेला बैल एका दाणीत सोडतात का?"

गडी हसला. पण मला तिथून विचार लागला. तिकडं इंजिन किती सीसीचं आणि त्यात बदल किती केलाय ते बघून गट पाडतात, इकडं बैलाचा दात बघून. हेतू एकच, लहान्यानं मोठ्यापुढं उगाच हरू नये. तिकडं शर्यतीआधी आणि नंतर गाडी तपासतात, कुणी चोरून मोठं इंजिन तर बसवलं नाही ना. इकडं पंच बैलाचं तोंड उघडतात.

ज्यांनी बैल पाळला नाही त्या पोरांसाठी सांगतो. खोंडाचे दुधाचे दात पडले नाहीत तोवर तो आदत. साधारण अडीच वर्षांच्या आसपास पुढचे दोन पक्के दात आले की दुसा. मग चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. दात खोटं बोलत नाही, मालक बोलतो. म्हणून पंच मालकाचं ऐकत नाहीत, जबड्यात बोट घालून बघतात. मागच्या उन्हाळ्यात एका गावच्या मैदानात मी स्वतः पाहिलं. आदत म्हणून नाव नोंदवलेल्या खोंडाला दोन पक्के दात निघाले. मालक अर्धा तास भांडला. शेवटी बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांनीच त्याला गप्प केलं. हा न्याय कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, पिढ्यांपिढ्या चालत आलाय.

शर्यतीची रीतही सगळीकडं एक नाही. पुणे जिल्ह्यात खेड, मंचर, जुन्नरकडं घाटात गाडा पळतो, पुढं घोडी असते आणि निकाल सेकंदावर लागतो. सातारा-सांगलीकडं मैदानात शेजारी शेजारी गाड्या सुटतात. गट, सेमी, फायनल अशी चढण असते. विदर्भात आणि आपल्या मराठवाड्यात शंकरपट. हलका छकडा, दोन बैल, वर एक धुरकरी, आणि घड्याळ. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायका धुरकरी होऊन जोडी हाकतात.

आणि हे काही जगावेगळं नाही. जुन्या ग्रीसमधल्या ऑलिम्पिकमध्ये चार घोड्यांचा रथ वेगळा, दोन घोड्यांचा वेगळा, आणि पुढं शिंगरांची शर्यतही वेगळी झाली. म्हणजे त्यांचाही आदत गटच की! विजयाचा मान हाकणाऱ्याला नाही, मालकाला मिळायचा. म्हणूनच स्पार्टाची किनिस्का नावाची राजकन्या ख्रिस्तपूर्व ३९६ मध्ये ऑलिम्पिकची विजेती ठरली. बाईला मैदानात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती, पण घोडे तिचे होते. आपल्याकडंही जोडी मालकाच्या नावानं आणि गावाच्या नावानं पुकारतात. हाकणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता इतिहासातला अवघड भाग.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्यानं एक अधिसूचना काढली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली काही जनावरांचे खेळ करायला बंदी होती: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह. त्या यादीत बैल टाकला. ज्याच्या खांद्यावर आपला संसार, तो एका ओळीत वाघ-सिंहाच्या रांगेत जाऊन बसला. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद. न्यायालयाचं म्हणणं होतं की बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी घडलेलं नाही, आणि त्याला पळवायला वेदना द्यावी लागते.

आपल्यातल्या पुष्कळ लोकांना हा निकाल म्हणजे शहरातल्या माणसांचा शेतकऱ्यावरचा राग वाटला. पण प्रामाणिकपणं बोलू. शेपटी पिरगाळणं, दातानं चावणं, तुतारीची आर टोचणं, आणि अलीकडं बॅटरीचा शॉक, हे आपण पाहिलेलं नाही का? पाहिलंय. तेव्हा "आम्ही बैलाला लेकरागत जपतो" हे अर्धं खरं. घरी जपतो. मैदानात कधी कधी विसरतो.

२०१६ च्या जानेवारीत केंद्रानं अटी घालून परवानगी द्यायचा प्रयत्न केला, पाच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण पोरं जल्लिकट्टूसाठी दिवसरात्र बसली आणि तमिळनाडूनं स्वतःची कायदादुरुस्ती केली. पाठोपाठ एप्रिलमध्ये आपल्या विधिमंडळानंही केली. पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती रोखल्या. मग प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडं. मधल्या काळात २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावाजवळ संचारबंदी असताना पहाटे शर्यत झाली, ती सगळ्या राज्यानं मोबाईलवर पाहिली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तिन्ही राज्यांचे, म्हणजे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले.

२०१४ चा मे ते २०२१ चा डिसेंबर. साडेसात वर्षं. कागदावर हा आकडा लहान दिसतो. बैलाच्या आयुष्यात बघा. २०१४ ला जन्मलेलं खोंड आदत झालं, दुसा झालं, चौसा झालं, जुळलं, आणि परवानगी आली तेव्हा त्याचे दात झिजायला लागले होते. एक अख्खी पिढी दाणीत न उतरता म्हातारी झाली.

आणि आपल्याकडं नुसती बंदीच नव्हती. त्याच वर्षांत दुष्काळ होता. छावण्यांत दावणीला उभी राहिलेली जनावरं आठवा. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, म्हणजे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि तरण्या बैलाला काम नाही, कारण ट्रॅक्टर आला. देशभरची गणना बघा: २०१२ ला नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ ला ४ कोटी ७४ लाख. सात वर्षांत दहातले तीन गेले. याचा दोष शर्यतबंदीवर टाकणं चूक आहे, मोठं कारण ट्रॅक्टरच. पण छोट्या शेतकऱ्याला खोंड ठेवायला जे एक हौसेचं निमित्त होतं, तेही त्या काळात गेलं.

इथं आणखी एक गोष्ट खरी बोलतो. "शर्यतीनं देशी गोवंश वाचतो" असं भाषणात सांगतात. वाचतो, पण कोणता? पळायला खिल्लार. तो माण, आटपाडी, सांगोल्याकडचा. आपल्या मराठवाड्याचा लाल कंधारी आणि देवणी हे ओढकामाचे, दमाचे बैल. पटात जिंकायला लोक खिल्लार आणतात आणि लाल कंधारी तिथंच राहतो. त्याला पळवायचं नसेल तर निदान माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत असतं तसं प्रदर्शन पटाच्या दिवशी आपल्या गावातही भरवता येईल. त्याला वेगळा पैसा लागत नाही.

आणि ऊसतोडीचा बैल? दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून कोयता आणि बैलगाडी घेऊन जे लोक पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्यांच्या बैलांवर पहाटेच्या अंधारात किती वजन असतं ते आपल्याला माहीत आहे. जनावरानं किती ओझं ओढावं याचे नियम १९६५ पासून आहेत. ते कारखान्याच्या वाटेवर कोण मोजतं? एका मिनिटाच्या पळण्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बारा बारा वर्षं वाद चालला आणि पाच महिन्यांच्या ओढण्यावर चकार शब्द नाही. हे मी शर्यतीची बाजू घ्यायला म्हणत नाही. माया असेल तर ती दोन्हीकडं हवी, एवढंच.

आता मूळ मुद्दा.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातली व्याख्या किती जणांनी वाचली? त्यात बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट अशी तीन नावं आहेत. आपला शब्द कायद्यात आहे. पण त्यातच पुढं अट आहे: जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेली जागा, आणि ज्या जिल्ह्यात ही शर्यत परंपरेनं होत आली आहे असा जिल्हा. परंपरेनं! म्हणजे इथं इतिहास ही म्हाताऱ्यांची करमणूक राहिलेली नाही. उद्या कुणी आक्षेप घेतला की "या गावात पट कधी होता?", तर तुमच्याकडं काय आहे?

पुणे-सांगलीवाल्यांकडं वर्षानुवर्षांच्या पत्रिका आहेत, ढाली आहेत, फोटो आहेत. आपण निजामाच्या राज्यातून १९४८ ला बाहेर आलो. आपले जुने सरकारी कागद उर्दूत, आणि जत्रेचा हिशेब कुणाच्या तरी फडताळात. आपली परंपरा तोंडी आहे आणि तोंडं एकेक करून मिटत चालली आहेत.

म्हणून विनंती. यात्रा कमिटीच्या जुन्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, छापील पत्रकं, ढाली, ग्रामपंचायतीचे ठराव, जोडीसोबतचे फोटो, जे असेल त्याचा मोबाईलनं फोटो काढा आणि गाव, साल, सांगणाऱ्याचं नाव मागं लिहून ठेवा. आजोबा जिवंत असतील तर त्यांना बोलतं करा. गट कोणते होते, बक्षीस काय होतं, पंच कोण असायचे ते विचारा.

आणि वही लिहिताना नुसतं कौतुक लिहू नका. बैल कधी मेला, माणूस कधी गाडीखाली आला, तेही लिहा. ते लपवून ठेवलेली परंपरा पहिल्याच प्रश्नाला आडवी होते.

दुसरी विनंती आयोजकांना. नियम साधे आहेत: अंतर एक हजार मीटरच्या वर नाही, बैलाची डॉक्टरकडून तपासणी, काठी-चाबूक-शॉक बंद. मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. वर लिहिलेल्या त्याच मैदानात एका धुरकऱ्याच्या बाहीत तुतारी मी पाहिली. शेजारच्या चौघांनी पाहिली. कुणी बोललं नाही, मीही बोललो नाही. त्याची लाज अजून आहे, म्हणून आज लिहितोय. दात बघायला जसे म्हातारे पुढं आले, तसे बाही बघायलाही आले पाहिजेत.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. गावगट बंद करू नका. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. बक्षीस तसं मोठं झालं की बैलाची किंमत लाखांत जाते, मालक बदलतो आणि शेतकरी प्रेक्षक होतो. ओपन गट खुशाल घ्या, गर्दी त्यालाच होते. पण ज्याच्याकडं एकच जोडी आहे, जी सकाळी पाळी घालते आणि जत्रेच्या दिवशी पळते, त्याच्यासाठी एक दाण राखून ठेवा. बक्षीस पाचशे रुपये आणि एक नारळ असला तरी चालेल. मोटारीच्या शर्यतीवाल्यांनाही लहान इंजिनाचा गट ठेवावा लागतो, कारण नवा माणूस तिथूनच येतो.

तुमच्या गावात पट कधीपासून आहे, आणि शेवटचा गावगट कोणत्या साली झाला? खाली लिहा. अंदाजानं नको, घरात विचारून लिहा.