घोड्यावरची माशी जाते कुठे?

उन्हाळ्यात रपेटीला निघालेल्या घोड्याकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहा. तो मान झटकतो, पाय आपटतो, शेपूट फिरवतो. खांद्यावर माशी बसली, की तेवढ्याच भागातली कातडी थरथरते. या कातडीखाली एक पातळ, पसरट स्नायू असतो आणि तो घोड्याला अंगावरची माशी उडवायला उपयोगी पडतो. पण पाठीवर खोगीर चढले, बाजूंना स्वाराचे पाय आले आणि तोंडात लगाम आला, की यातली बरीचशी साधने निकामी होतात. म्हणून मग माश्या हाकलण्याचे काम स्वाराकडे येते. चवरी, डोक्यावरची झालर, अंगावरची जाळी हे सारे त्यातूनच आले.

घोड्याला सर्वांत जास्त छळते ती घोडमाशी. शास्त्रीय भाषेत टॅबॅनस आणि तिच्या जवळच्या जाती. यांतली फक्त मादीच चावते, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. डासाची सोंड सुईसारखी बारीक असते, तो चावल्याचे लगेच कळतही नाही. घोडमाशीची मुखांगे मात्र पात्यांसारखी असतात. ती कातडी कापते आणि जखमेतून येणारे रक्त टिपून घेते. साहजिकच घोड्याला चांगलीच कळ येते आणि माशीचे पोट भरण्याआधीच तो तिला उडवून लावतो.

इथे स्वाराच्या दृष्टीने प्रश्न संपतो. विज्ञानाच्या इतिहासात मात्र तो इथेच सुरू झाला. अर्धपोटी उडालेली ही माशी जाते कुठे?

१८८० साली ग्रिफिथ एव्हान्स या वेल्श पशुवैद्याला पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे पाठवण्यात आले. (हे गाव आज पाकिस्तानात आहे.) तिथे लष्कराचे घोडे आणि उंट ‘सर्रा’ नावाच्या रोगाने मरत होते. ताप येई, जाई, पुन्हा येई. जनावर खंगत जाई, पायांवर सूज चढे आणि शेवटी ते मरे. एव्हान्सने आजारी घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे सूक्ष्म जीव त्याला दिसले. मग त्याने आजारी घोड्याचे रक्त निरोगी घोड्यांना टोचले. त्यांनाही तोच रोग झाला आणि त्यांच्या रक्तातही तेच जीव सापडले.

आज आपल्याला हा पुरावा पुरेसा वाटेल. तेव्हा तो तसा मानला गेला नाही. रक्तात दिसणारे जीव हे रोगाचे कारण नसून परिणाम असावेत, असे अनेकांचे मत होते. हे मत केवळ हट्टापायी होते असे नाही. टिमथी लुईस या शास्त्रज्ञाला कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते आणि ते उंदीर तर धडधाकट दिसत होते! शिवाय कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये, म्हणजे एव्हान्सच्या कामानंतर दोन वर्षांनी. सूक्ष्म जीवामुळे रोग होतो हा विचारच तेव्हा नवा होता.

आणखी एक गोष्ट. हा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे होतो, असे त्या भागातले लोक सांगत. एव्हान्सने त्यांचे म्हणणे उडवून लावले नाही, तर ती शक्यता नोंदवून ठेवली.

पुढच्या कथेचे धागे महाराष्ट्राशी जुळतात. १८८५ मध्ये जॉन स्टील याला ब्रह्मदेशातील खेचरांत असाच रोग आढळला आणि त्याने त्या जीवाला एव्हान्सचे नाव दिले. आज तो ‘ट्रिपॅनोसोमा एव्हान्सी’ म्हणून ओळखला जातो. हाच स्टील १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य. १८८९ साली पुण्यात सरकारी जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याने सर्रा रोगाचा अभ्यास हाती घेतला. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली.

माशीचा प्रश्न सुटला तो मुक्तेश्वरलाच. लेनर्ड रॉजर्सने रोगी प्राण्याचे रक्त पिणाऱ्या घोडमाश्या निरोगी प्राण्यांवर सोडून पाहिल्या. लगेच सोडल्या तर रोग पसरे. मध्ये दिवस जाऊ दिले तर पसरत नसे. १९०१ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. याचा अर्थ, डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी वाढतो तसे इथे काही होत नाही. माशीच्या मुखांगांना लागलेले ताजे रक्तच रोग वाहून नेते. दूषित सुईने होते तसेच!

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू या. घोड्याने उडवलेली माशी भुकेलेलीच असते. ती शेजारच्या घोड्यावर बसते, तीही ओल्या मुखांगांनिशी. म्हणजे प्रत्येक घोडा स्वतःला वाचवण्यासाठी जे करतो, त्यानेच शेजाऱ्याचा धोका वाढतो. लष्कराच्या तळावर शेकडो जनावरे दाटीवाटीने बांधलेली असत, हे लक्षात घेतले की रोग इतका का फोफावत असे ते उमगते. आजारी जनावर दूर बांधावे, हा साधा उपाय किती मोलाचा आहे, हेही कळते. कारण अंतर वाढले की माशी परक्या जनावराकडे जाण्याऐवजी पहिल्याकडेच परतण्याची शक्यता वाढते.

मग माशी बसूच नये असे काही करता येईल का? अलीकडचे प्रयोग मजेदार आहेत. घोडमाश्या पाण्याजवळ अंडी घालतात आणि पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशाकडे आकर्षित होतात. काळ्या, तुकतुकीत कातडीवरूनही तसाच प्रकाश येतो, पांढऱ्या कातडीवरून फारसा येत नाही. २०१० मध्ये हंगेरीतील संशोधकांनी दाखवले की पांढऱ्या घोड्याला या माश्यांचा त्रास कमी होतो. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांवर काळ्या, पांढऱ्या आणि झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घातल्या. पट्ट्यांच्या झुलीवर माश्या फारच कमी उतरल्या. डोके उघडेच होते, तिथे मात्र काही फरक पडला नाही. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा त्यांच्यावरच्या माश्या निम्म्याहून कमी झाल्या.

सर्रा आपल्याकडून गेलेला नाही. घोडे, उंट, गाई-म्हशी यांना तो आजही होतो. तेव्हा शिक्षकांना आम्ही एक छोटा अभ्यास सुचवतो. गावातल्या एका काळ्या आणि एका पांढऱ्या बैलाजवळ विद्यार्थ्यांनी सुरक्षित अंतरावर उभे राहावे. प्रत्येकाने दहा मिनिटांत शेपूट किती वेळा हलवली ते मोजावे. सकाळी आणि दुपारी मोजावे, आठवडाभर नोंदी ठेवाव्यात. फरक दिसला तर का, नाही दिसला तर का, यावर वर्गात चर्चा व्हावी. आणि उडालेली एखादी माशी पुढे कुठे बसते, तेही पाहायला विसरू नये.