इंग्रजीच्या अध्यापनात चित्राचे स्थान : एक ऐतिहासिक विचार

परभाषा शिकविताना चित्राचे साहाय्य घेण्याची प्रथा जुनी आहे. तिचा इतिहास सांगताना सामान्यतः आरंभ कोमेनियसपासून करतात, आणि पुढे चित्रे उत्तरोत्तर सुबक व वास्तव होत गेली अशी उन्नतीची कथा मांडली जाते. ही कथा आम्हांस ग्राह्य वाटत नाही. इंग्रजीच्या अध्यापनात चित्राने सर्वांत मोठी मजल मारली ती ते अगदी निष्कांचन झाले तेव्हा.

कोमेनियसचा ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ हा ग्रंथ १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत निघाला. पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल याने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. तिचा उद्देश इंग्रज मुलांना लॅटिन शिकविण्याचा होता; परंतु तिच्यातील युक्ती कोणत्याही भाषेस लागू पडावी अशी होती. चित्रातील प्रत्येक वस्तूवर आकडा घालावयाचा व तोच आकडा मजकुरातील शब्दाजवळ द्यावयाचा. आकडा वृक्षावर घालता येतो. ‘जाईल’ वा ‘वरून’ यांवर तो कोठे घालावा? कोमेनियसने आत्म्याचेदेखील चित्र दिले आहे, ठिपक्यांनी रेखलेली मानवाकृती! कल्पना मनोहर खरी, पण तीही एका नामाचेच चित्र होय.

ही अडचण किती मोठी होती, हे सी. के. ओग्डेन यांच्या १९३० मधील ‘बेसिक इंग्लिश’च्या ८५० शब्दांवरून ध्यानात येते. त्यांपैकी ६०० शब्द वस्तुवाचक असून, चित्रित करता येण्याजोगे म्हणून केवळ २०० वेगळे काढलेले आहेत. म्हणजे कर्त्याच्याच हिशेबाने ६५० शब्द चित्राच्या बाहेर राहिले. क्रियापदे अवघी १८. परंतु वाक्य चालते ते त्यांच्याच बळावर.

या कोंडीतून वाट काढली ती आय. ए. रिचर्ड्स यांनी. आपल्याकडील समीक्षेच्या अभ्यासकांना ‘प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम’चे कर्ते म्हणून ते परिचित आहेत, त्यांचे हे दुसरे कार्य मात्र उपेक्षित राहिले. १९२९-३० मध्ये त्यांनी पेकिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात अध्यापन केले. चीनमध्ये बेसिक इंग्लिशचा प्रसार करण्याचा त्यांचा पुढील उद्योग १९३७ च्या जपानी आक्रमणाने खंडित झाला. चिनी भाषेत क्रियापदाला काळवाचक विकार होत नाही. अशा विद्यार्थ्याला त्याची भाषा मध्ये न आणता इंग्रजीतील काळ कसा दाखवावा, हा खरा प्रश्न होता.

क्रिस्टिन गिब्सन यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व पुढे ‘इंग्लिश थ्रू पिक्चर्स’ या नावाने प्रसार पावलेल्या पुस्तकात याचे उत्तर आढळते. टेबलावर टोपी आहे, काडीसारख्या रेषांचा माणूस ती उचलणार आहे, उचलीत आहे, त्याने ती उचलली. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना जेवढे बदलते, तेवढेच वाक्यातही बदलते. येथे काळाचा बोध कोणत्याही एका चित्रात नाही; तो दोन चित्रांमधील अंतरात आहे. म्हणूनच माणसाला अंगरखा नको, खोलीला खिडकी नको. टोपी सुंदर काढली असती तर विद्यार्थी टोपीकडेच पाहत बसला असता.

मात्र या रेषांनी विद्यार्थ्याची जीभही बांधून ठेवली, हे नाकारता येणार नाही. चित्रातून निघणारे वाक्य आधीच ठरलेले असल्याने त्याला स्वतःचे असे काही सांगावयास वाव उरत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲबिगेल हाउसेन व न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या शिक्षणविभागाचे माजी प्रमुख फिलिप येनावाइन यांनी ‘व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज’ ही पद्धती सिद्ध केली, तेव्हा समृद्ध चित्र पुन्हा वर्गात आले. ती केवळ भाषेसाठी योजलेली नव्हती. तथापि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांतही ती वापरली जाऊ लागली. येथे चित्रावर आकडे नाहीत, खाली वाक्यही नाही. चित्रात काय चालले आहे, असे कशावरून म्हणतोस, आणखी काय सापडते, एवढेच शिक्षक विचारतो. मूल अडखळत उत्तर देते. शिक्षक चित्रातील त्या जागेकडे बोट दाखवितो, आणि मुलाचेच म्हणणे नीट इंग्रजीत त्याला पुन्हा ऐकवितो.