काचेवरचे धुके आणि त्यावरचे तीन उपाय

डिसेंबरातली सकाळ. आष्ट्याच्या पूर्वेला कृष्णा ओलांडली की पलूस-तासगावचा द्राक्षपट्टा लागतो. रात्री दव पडले की डाऊनीच्या भीतीने बागांत फवारणीची घाई सुरू होते. नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर गॉगल घालून माणूस कामाला लागतो आणि थोड्याच वेळात गॉगल कपाळावर सरकवतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, "काही दिसत नाही." औषधाचे तुषार डोळ्यांत जाण्याची भीती नेमकी तेव्हाच असते. आपण याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो. पण दोष माणसाचा की गॉगलचा?

आधी कारण पाहू. आपला उच्छ्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाचा आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावते. १२ अंशांच्या हवेत मात्र जेमतेम ११ ग्रॅम मावते. मास्कच्या वरच्या कडेतून निसटलेला उच्छ्वास थंड काचेला लागला की जास्तीचे बाष्प काचेवर पाणी होऊन बसते. हे पाणी असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते. प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा वळवतो आणि काच दुधाळ दिसते. फडक्याने पुसून उपयोग होत नाही, कारण पुढचा श्वास तयारच असतो.

हा प्रश्न जिवावर बेतला तो पहिल्या महायुद्धात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. चारच दिवसांनी तेथे प्रतिहल्ल्यासाठी उतरलेल्या लाहोर डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांनाही या वायूला तोंड द्यावे लागले. तेव्हा बचाव म्हणजे तोंडावर धरलेले ओले फडके. पुढे काचा बसवलेले मुखवटे आले आणि काचेवरचे धुकेही आले. मुखवटा काढावा तर वायू, ठेवावा तर समोरचा शत्रू दिसत नाही!

येथे पहिला उपाय सापडला, हवेची वाट बदलण्याचा. फ्रान्समधील तिसो मुखवट्यात आत घेतलेली कोरडी हवा आधी काचांवरून फिरून मग नाकाकडे जाई. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर काच आपोआप स्वच्छ होई. ब्रिटिश मुखवट्याबरोबर काचेला आतून चोळण्यासाठी एक साबणासारखे मिश्रणही दिले जाई. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

दुसरा उपाय काच उबदार ठेवण्याचा. अमेरिकेत बॉब स्मिथ नावाचे एक दंतवैद्य होते. त्यांना बर्फावर स्कीइंग करण्याचा नाद होता. १९६५ मध्ये त्यांनी दोन काचा आणि त्यांमध्ये बंदिस्त हवा असा गॉगल तयार केला. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने बाहेरची काच थंड असली तरी आतली तितकी गार होत नाही. आपण गोधडीत पाळतो तेच हे तत्त्व. हिमप्रदेशात वापरायच्या गॉगलमध्ये आजही हीच रचना आढळते.

तिसऱ्या उपायाची गोष्ट पृथ्वीबाहेरची आहे, पण बाष्प तेच आणि काचही तीच. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ए यानाबाहेर पडलेल्या युजीन सर्नन यांची कामात इतकी दमछाक झाली, की पोशाखातील वायूचा प्रवाह ती उष्णता आणि ओल वाहून नेऊ शकला नाही. शिरस्त्राणाची काच आतून धुकटली. नाकाने काच घासून त्यांनी बघण्यापुरती जागा केली. ठरलेले काम अर्धवट सोडून त्यांना यानात परतावे लागले. त्यानंतरच्या उड्डाणांत काचेला आतून पृष्ठताण कमी करणारे द्रावण लावण्यात आले. पृष्ठताण कमी झाला की पाणी थेंब न बनता सपाट पसरते आणि अशा पातळ थरातून स्पष्ट दिसते. खंदकातले मिश्रणही हेच करीत होते.

या उपायालाही पथ्य आहे. एप्रिल २००१ मध्ये यानाबाहेर काम करताना ख्रिस हॅडफिल्ड यांच्या डोळ्यांत असेच द्रावण गेले आणि काही काळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. म्हणून थर अगदी पातळ हवा.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर द्रवसाबणाचा थेंब चोळून मऊ कापडाने कोरडी करा. दोन्ही गरम चहाच्या कपावर धरा. फरक लगेच दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारा, की बागेतल्या माणसासाठी तीनपैकी कोणता उपाय कसा वापरता येईल? मास्कची वरची कड नाकावर नीट दाबून बसवणे हा पहिल्याच उपायाचा घरगुती अवतार आहे. गॉगलला आपल्या हाताने भोके पाडणे मात्र चुकीचे, कारण त्यांतून औषधच आत येईल. हवा आडवाटेने खेळेल अशी झडप असलेला गॉगल निवडावा.

खंदकात काय किंवा अंतराळात काय, काच धुकटली तेव्हा माणसाला बोल लावून प्रश्न सुटला नाही, साधन सुधारल्यावर सुटला. कपाळावर सरकवलेला गॉगल दिसला, तर रागावण्याआधी त्याची काच पाहावी.